चिंचीचा फोन

सुमन, तुझ्या तेराव्याला मी भरल्या पानावरून उठले. आपल्या गल्लीत ही गोष्ट आता तिखटमीठ लावून फिरणार, तेव्हा तू आधी माझ्या तोंडून ऐक. वरणभात कालवला होता, बटाट्याची भाजी अर्धी संपली होती, जिलबी यायची होती. अन्नाकडे पाठ करून उठू नये हे मलाही लहानपणी शिकवलंय आणि तुलाही. तरी उठले. त्याचं मला वाईट वाटत नाही.

तू गेल्यावर रडू येईल असं धरून चालले होते. तेही आलं, पण जास्त आली ती किळस. सकाळी फोन उघडला की तुझ्या नावाखाली कमळांची चित्रं आणि 'ॐ शांती', आणि त्याच माणसांचे त्याच्या खाली सुप्रभातचे गुलाब. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'सुटल्या हो बिचाऱ्या.' कशातून सुटलीस, ते मला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळच्या चहातून? माझ्याशी रोज भांडण्यातून? माझे हे गेले तेव्हा तू 'सुटले' म्हणाली नव्हतीस. तू नुसती येऊन माझ्या ओट्यावरची भांडी घासत बसली होतीस. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

चिंची तुझ्याकडे कशी आली ते इतरांना कुठे माहीत आहे? बहिणीला नांदेडच्या गाडीत बसवायला तू काचीगुडा स्टेशनला गेलीस. जाताना पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, येताना त्याच पिशवीत कुत्र्याचं पिल्लू. चिंचेच्या कोळाच्या रंगाचं, अंगभर गोचिडी. मी नाक मुरडून म्हटलं, 'हे काय आणलंस?' तू म्हणालीस, 'ते गाडीखाली चाललं होतं गं. तसंच सोडून येऊ की काय?' मी म्हटलं, 'स्टेशनवर जे जे दिसेल ते घरी आणणार का?' तर म्हणालीस, 'हौ.'

तुझं ते 'हौ'. पुण्याहून लग्न होऊन नल्लकुंट्यात आले तेव्हापासून मी तुला सांगत होते, सुमन, मराठीत 'हो' म्हणतात. तुमच्या चार पिढ्या निजामाच्या मुलखात गेल्या म्हणून काय झालं? तू मान डोलवायचीस, 'हौ, बरोबर आहे तुझं,' म्हणायचीस आणि हसायचीस. तुला सुधारणं मला जमलं नाही.

चिपेचा हट्ट माझा होता, हे मान्य. बोनालूच्या जत्रेतल्या ढोलांना बिचकून चिंची पळाली आणि आपण दोघी तिची ताटली वाजवत बरकतपुऱ्यापर्यंत वेड्यासारख्या फिरलो. सापडली ती एका इस्त्रीवाल्याच्या हातगाडीखाली. त्याच दिवशी मी म्हटलं, हिला चिप बसवून घे. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी घालतात, त्यात एक नंबर असतो. मशीन फिरवलं की नंबर येतो, आणि त्या नंबरावर मालकाचं नाव आणि फोन नोंदलेला असतो. तू म्हणालीस, 'गल्लीत सगळे ओळखतात की तिला.' मी म्हटलं, बाई, गल्ली राहिली कुठे? जुनी घरं पाडून सगळीकडे अपार्टमेंट झाली. समोरच्या पाचव्या मजल्यावरचे तुला ओळखत नाहीत, ते तुझ्या कुत्रीला काय ओळखणार?

विद्यानगरच्या दवाखान्यात डॉक्टरने सुई काढली तेव्हा डोळे तू मिटलेस. चिंचीने जांभई दिली. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मात्र तू एक बोललीस ते माझ्या डोक्यात राहिलं. 'हे बघ, दाणा काय कुत्र्याला घरी आणत नसतो. फोन उचलणारा पाहिजे.'

आणि त्या दिवसापासून तू येईल तो फोन उचलायला लागलीस. तो एक तमाशाच होता. पूर्वी तुझा फोन कणगीवर नाहीतर उशीखाली पडलेला असायचा. आता न्हाणीघरातसुद्धा खिडकीत. आवाज सगळ्यात मोठा, कारण डावा कान तुझा कामातून गेलेला. अनोळखी नंबर दिसला की तू आधी चिंची कुठे आहे ते बघायचीस. ती पायाशीच लोळत पडलेली असायची, तरी फोन घ्यायचीस. 'काय सांगावं, तिचाच असंल.' असायचा कर्ज विकणारा. वरंगळचा एक पोरगा तर तुला वरचेवर फोन करायचा. तू त्याला कर्ज नको म्हणायचीस आणि 'खाना खाया क्या बेटा' विचारायचीस. मी म्हणायचे, अगं, ठेव तो फोन, हे लोक लुबाडतात. माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला की मी तो कापते, मग नंबर बंद करून टाकते. तुला ते कधी पटलं नाही. 'त्यांच्यातला एखादा खरा असला तर?' हा तुझा प्रश्न. मी तुला वेड्यात काढलं.

आपला खरा वाद मात्र गिरीशवरून. तुझ्या एकुलत्या एका लेकाबद्दल मी काही बोलले की तुझं तोंड बारीक व्हायचं. तरी मी बोलायचे. मी विचारलं होतं, 'तुला काही झालं तर चिंचीचं काय?' तू म्हणालीस, 'गिरीश आहे की.' मी म्हटलं, तो कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये एक कुंडी ठेवत नाही, कुत्रं ठेवेल? 'तू कायको इतकी तपायलीस? लेकरू आहे ते. वेळ आली की करतंय.' मी म्हटलं, 'मी ओळखते त्याला.' तू म्हणालीस, 'मी जन्माला घातलंय.' इथे मी गप्प बसायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ह्या वादाचा निकाल लागायच्या आधीच तू गेलीस.

गिरीश रडला, हे सांगायलाच हवं. घाटावर तो खरा रडला, मी बघत होते, आणि मला त्याची दया आली. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, चिंचीला मी घेऊन जाते. तर म्हणाला, 'राहू द्या मावशी. आईची आठवण आहे. दिवस होईपर्यंत घरातच राहू द्या.' मला बरं वाटलं. मनात म्हटलं, सुमन जिंकली.

मग समजलं आठवण कशाला हवी होती ती. तुझा फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला, पुढे समई, आणि चिंची दिवसभर त्या फोटोपुढे मान टाकून पडलेली. गिरीशने त्याचा व्हिडिओ काढला, मागे सनई लावली आणि स्टेटसला टाकला. आल्यागेल्याला दाखवत होता. लोक बदाबदा रडणारे चेहरे आणि लाल हृदयं पाठवत होते. चिंचीने दोन दिवस पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नव्हतं, ते व्हिडिओत दिसत नव्हतं. मी घरून दूधभात कालवून आणला तेव्हा ती जेवली.

दहावं झालं आणि दुसऱ्या सकाळी चिंची नाही. 'गेट उघडं राहिलं मावशी, गेली असेल कुठेतरी. जनावरच ते.' मी ताटली घेऊन निघाले. विद्यानगर पालथं घातलं, बरकतपुऱ्यातला तो इस्त्रीवाला शोधला. त्याने मला ओळखलं, 'अम्मा नहीं आए?' विचारलं, आणि मी रस्त्यातच रडले. भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरला फोन करायचं सुचायला हवं होतं, पण डोकं चाललं नाही.

तेराव्याच्या सकाळी मदतीला म्हणून तुझ्या स्वयंपाकघरात गेले. दारामागच्या खुंटीवर, तुझी बाजाराची पिशवी असते तिच्याखाली, चिंचीचा पट्टा लटकत होता. तोच लाल, पितळी बिल्ल्यावर पत्ता कोरून घेतलेला. सुमन, पळून जाणारं कुत्रं आपला पट्टा काढून खुंटीला लावून जात नाही. मी गिरीशला विचारलं. तो म्हणाला, 'आंघोळ घालायला काढला होता.' ज्याने कधी स्वतःचा टॉवेल वाळत घातला नाही, तो चिंचीला आंघोळ घालणार. घर पाहुण्यांनी भरलं होतं, तुझा भाऊ समोर बसला होता. मी काकड्या चोचवत राहिले.

आता पुढचं ऐक, म्हणजे मी पानावरून का उठले ते कळेल.

पानं मांडायच्या आधी गुरुजींनी बळी काढायला लावले. गाईचं पान, कावळ्याचं पान, कुत्र्याचं पान. गाईचं गोठ्यावर गेलं. गच्चीवर कावळे आले. कुत्र्याचं पान गेटाबाहेर ठेवलं आणि कुत्रं येईना. एरवी आपल्या गल्लीत कुत्र्यांना तोटा नाही, पण त्या दुपारी एक फिरकलं नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं. म्हणाले, 'कुणाकडे पाळलेलं असेल तर आणा, चालतं.' आणि तुझा लेक, सोवळं नेसलेला, गेटात उभा राहून समोरच्या वॉचमनला विचारत होता, 'भाई, इधर कोई कुत्ता है क्या? पाच मिनट के लिए.'

मला वाटलं, जमीन नाही फाटली तर निदान वीज तरी जावी. काही झालं नाही. गुरुजी म्हणाले, 'असू द्या, येईल सावकाश. तुम्ही बसून घ्या.' पंगत बसली आणि गिरीश सोवळं सोडून, शर्ट घालून वाढायला आला.

तुझा फोन गिरीशजवळ होता. बँकेचे नंबर त्याच्यावर येतात म्हणून तो दिवसभर जवळ बाळगून होता, आता शर्टाच्या खिशात. दुसरा भात वाढताना तो वाजला. आवाज तू लावलेलाच, सगळ्यात मोठा. त्याने उचलला आणि पलीकडच्या मुलीचं बोलणं सगळ्या पंगतीने ऐकलं. 'हॅलो, सुमन मॅडम बात कर रहे? मॅडम, आपकी डॉगी मिल गई. अंबरपेठ मार्केट के पास से लाए. गर्दन में चिप था, उसमें आपका नंबर आया.'

गिरीश म्हणाला, 'राँग नंबर.'

फोन ठेवला. ओणवा होऊन तुझ्या भावाच्या पानात भात वाढला आणि विचारलं, 'मामा, तूप?'

त्याने पट्टा काढला होता. पत्ता काढला की कुत्रं कुणाचंच नाही, एवढा हिशेब त्याने केला होता. चिपेचं तू त्याला सांगितलं होतंस, माझ्यासमोर सांगितलं होतंस, आणि तो फोनमध्ये बघत 'हं, हं' म्हणाला होता. तुझं तो कधी ऐकत नसे. ते एकदा तरी चिंचीच्या कामी आलं.

आणि बाकीचे, सुमन. सगळ्यांनी ऐकलं होतं. तुझा भाऊ, तुझी जाऊ, नळाच्या पाण्यावरून तुझ्याशी भांडणारे खालच्या मजल्यावरचे. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि पुन्हा जेवायला लागले. कुणीतरी म्हणालं, वरण छान झालंय. मला त्या घासाची शिसारी आली. मी उठले. उजवा हात उष्टा होता, डाव्या हाताने गिरीशच्या खिशातला फोन काढला. तो हळू आवाजात म्हणाला, 'मावशी, आधी जेवून घ्या. लोक बघायलेत.' मी म्हटलं, 'बघू देत.' आणि आलेला नंबर लावून सांगितलं, नंबर बरोबर आहे, मी येते आहे, तिला कुठे देऊ नका. मग हात धुतला आणि चप्पल घातली.

शेल्टर गावाबाहेर आहे, पत्र्याच्या शेडचं. फिनेलचा वास, आणि आत भुंकणं काही थांबत नव्हतं. चिंची कोपऱ्यात होती. पायांचे तळवे सोललेले, पाठीवर दुसऱ्या कुत्र्यांनी घेतलेले चावे. मला वाटलं, मला बघून झेपावेल. ती उठली, जवळ आली, मला हुंगलं, आणि मग माझ्या मागे बघितलं. दाराकडे बघत राहिली. मी तिला तुझं नाव घेऊन सांगायला लागले आणि पुरं सांगू शकले नाही.

तिथली मुलगी, स्वप्ना, चांगली होती. तिने चिंचीच्या मानेवरून मशीन फिरवलं, टूं असा आवाज आला, कंप्युटरवर तुझं नाव उमटलं. 'ओनर को आना पडता मॅडम.' मी म्हटलं, ओनर नहीं रहे. तिने मशीन खाली ठेवलं. मग म्हणाली, आत्ता घेऊन जा, पण नाव बदलायला घरच्यांची संमती लागेल. बेटा-बेटी कोई है? मी म्हटलं, एक है.

तो एक दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आला. हातात डबा, उरलेली जिलबी. डोळे सुजलेले. 'मावशी, रागावू नका. फ्लॅटमध्ये चालत नाही. मला वाटलं मार्केटमध्ये खायला मिळेल, चार कुत्री असतात, राहील त्यांच्यात.' मी विचारलं, 'मग मला का नाही दिलीस? मी मागत होते ना?' त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, 'तुम्ही रोज तिला घेऊन आईच्या घरासमोरून गेला असता. लोकांनी विचारलं असतं, मुलाने का नाही ठेवली.'

एवढंच होतं ते. तुझ्या कुत्रीला त्याने अंबरपेठेत सोडलं ते लोकांनी विचारू नये म्हणून. मी दार लावून घेतलं नाही, पण आत ये असंही म्हटलं नाही. त्याचं नाक तुझ्यासारखं आहे, ते मला बघवत नव्हतं. आणि तेवढ्यात आतून चिंची लंगडत आली. ज्याने तिला गाडीत घालून नेलं आणि मान मोकळी करून उतरवलं, त्याच्या पायाशी गेली, आणि सुमन, तिने शेपूट हलवलं. माझा असा संताप झाला की तिलाच एक ठेवून द्यावी. तुम्ही दोघी सारख्याच. लेकरू आहे ते, वेळ आली की करतंय.

तो खाली बसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडला. मी उभीच होते. तो डबा मी घेतला नाही.

संमती त्याने फोनवर पाठवली. मी लिहिलं होतं, चिंची माझ्या नावावर करायला तुझी हरकत नाही, असं लिहून पाठव. उत्तरात पिवळा अंगठा आला. पूर्वी ज्याला सही येत नसे तो अंगठा द्यायचा. आपला इंजिनियर अंगठा देतो. स्वप्नाला तो चालला.

तर आपला वाद मी जिंकले. मी ओळखत होते आणि तू नुसतं जन्माला घातलं होतंस. तू समोर असतीस तर मी हे तुला तीनदा ऐकवलं असतं. आता ऐकवायला कुणी नाही आणि जिंकल्याची मला किळस येते. तो फोन वाजला तेव्हा त्याने फक्त 'हो, आमचीच' म्हणायचं होतं. तेवढं म्हणाला असता तर मी जन्मभर हरलेली राहिले असते, आणि जिलबी दोन वेळा मागून घेतली असती. तुझ्यावरही राग आहे, तोही सांगून टाकते. त्याच्या प्रत्येक गोष्टीवर तू पांघरूण घातलंस. पण त्याच हातांनी तू माझी भांडी घासलीस, आणि स्टेशनवरून हे ध्यान उचलून आणलंस. तुझे हात मी निवडून घेऊ शकत नाही.

काल चिंचीच्या पायाच्या पट्ट्या बदलायला आणि नाव बदलायला पुन्हा शेल्टरमध्ये गेलो. स्वप्नाने तुझं नाव काढायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढ. तिने माझं नाव घातलं, नंबर घातला. म्हणाली, 'मॅडम, एक बार फोन लगा के देखते. बहुत लोगां गलत नंबर देते, नहीं तो उठातेच नहीं.'

पर्समध्ये फोन वाजला. अनोळखी नंबर. सवयीने माझा अंगठा फोन कापायच्या खुणेकडे गेला, आणि पायाशी चिंचीने कान उभे केले. तुझा फोन वाजला की ती अशीच कान उभे करायची, आणि तू तिच्याकडे बघून घ्यायचीस. मी फोन उचलला. समोर स्वप्ना उभी, तिच्या कानाला फोन, माझ्या कानाला फोन, मध्ये एक टेबल.

'मॅडम, ये चिंची के घर का नंबर है?'

मी म्हटलं, 'हौ.'